पंधराव्या बोर्डातली दुर्री

१

ताईंनी दालनाबाहेरच्या खुंटीवरून कोट काढला, एका बाहीत हात घातला आणि खिशातून घडी घातलेला कागद जमिनीवर पडला. वकीलसाहेब मागेच उभे होते. ते वाकले, त्यांनी कागद उचलला आणि परत देण्याऐवजी उघडून वाचला. दुसऱ्यांचे कागद वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. पण वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला.

"पंचकाका," ते हळूच म्हणाले, "जरा कार्यालयात चला. ताई, तुम्हीही."

पंचकाका म्हणजे या स्पर्धेचे पंच. उभा जन्म शाळेत भूमिती शिकवण्यात गेला आणि बावीस वर्षांपासून ब्रिजच्या सामन्यांत पंचगिरी चालू होती. त्यांच्या हाताखाली झालेल्या सामन्यात कधी एक पान इकडचं तिकडे झालं नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत.

कार्यालयाचं दार लावून वकीलसाहेबांनी कागद टेबलावर ठेवला. त्यावर चार दिशांना चार हातांचे पत्ते लिहिले होते. पेन्सिलीनं, नुसती चिन्हं आणि आकडे. पश्चिमेच्या हाताभोवती चौकोन आखून शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्या हातात इस्पिकची अठ्ठी आणि तिर्री, बदामची दश्शी, नव्वी, सत्ती आणि चव्वी, चौकटचा राजा आणि नव्वी, आणि किलवरचा गुलाम, दश्शी, अठ्ठी, सत्ती, पंजी.

"हा पंधरावा बोर्ड आहे," वकीलसाहेब म्हणाले. "आणि पश्चिमेला कोण बसलं होतं? ताई. पत्ते वाटण्याआधीच कुणीतरी यांना चारही हात पुरवले होते. माझी रीतसर तक्रार लिहून घ्या."

ताईंनी हात पुढे केला. "बघू."

"नाही," पंचकाका म्हणाले आणि कागद त्यांनी खिशात टाकला. "आता हा पुरावा आहे."

घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. अंतिम सामन्याचं दुसरं सत्र अडीचला सुरू होणार होतं. जिंकणारा संघ जागतिक स्पर्धेला जाणार होता. तक्रार खरी ठरली तर ताईंचा संघ बाद होणार होता, ताईंना जन्मभर पत्त्यांना हात लावता येणार नव्हता आणि सतरा अजिंक्यपदांतल्या प्रत्येकावर बोट ठेवलं जाणार होतं.

"दीड तास," पंचकाका म्हणाले. "तोवर ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही."

२

ब्रिज चौघांचा खेळ, दोघं दोघं भिडू. तेरापैकी किती हात जिंकणार याची आधी बोली लावायची, मग विरोधकानं पहिलं पान उतरायचं, म्हणजे उतारी करायची, आणि खेळ सुरू. संघांच्या सामन्यात तेच पत्ते दोन दालनांत खेळले जातात, म्हणजे नशिबाला दोष द्यायची सोय राहत नाही. चार कप्प्यांच्या चपट्या ट्रेला बोर्ड म्हणतात. पहिल्या दालनात खेळ झाला की प्रत्येक जण आपली तेरा पानं आपल्या कप्प्यात परत ठेवतो आणि बोर्ड जसाच्या तसा दुसऱ्या दालनात जातो. तो पंचकाका स्वतःच्या हातानं नेत. शिपायालाही हात लावू देत नसत.

पहिल्या दालनात ताई आणि त्यांचे भिडू डॉक्टर हे वकीलसाहेबांच्या जोडीविरुद्ध खेळले होते. दुसऱ्यात ताईंच्या संघाची दुसरी जोडी होती. तिच्यातली एक ताईंची सख्खी धाकटी बहीण. तिला सगळे धाकटीच म्हणत.

पंचकाकांनी आधी वकीलसाहेबांना विचारलं, "पंधराव्यात झालं काय?"

"काय व्हायचं? मी इस्पिकात बारा हातांची बोली लावली. कुणीही लावली असती. आणि बाईंनी पहिलीच उतारी कसली केली? चौकटची दुर्री! राजा हातात असताना त्याच्या खालून दुर्री! राजा यांच्याकडे नसणारच असं धरून मी फसलो, एक हात कमी पडला." ते अजून धुमसत होते. "तो डॉक्टर तर वेडाच झाला. खेळ संपल्यावर पत्ते मधोमध पसरून चर्चा काय, ती दुर्री उचलून नाचवणं काय. ओवाळायचीच बाकी ठेवली होती! मला सांगा पंचकाका, पत्ते माहीत नसताना कुणी अशी उतारी करतं?"

प्रश्न बिनतोड होता. पंचकाकांनी तो तसाच ताईंसमोर ठेवला.

ताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, बारीक अंगाच्या. "वकील बोली लावताना दोनदा अडखळले," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा चौकटवर. ज्याला ज्याची धास्ती, त्याला तेच दाखवायचं."

"आणि राजा अंगावर आला असता तर?"

"तर आला असता. राजे उराशी धरून बसणारे दुसरे नंबर काढतात."

"कागद तुमचा आहे?"

"नाही."

"मग खिशात कसा आला?"

"ते शोधायला तुम्ही आहात. मी पत्ते खेळते." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "काका, ढाली काय, सगळ्या परत देईन. कपाटात जागाही नाही. पण उद्या लोक म्हणतील, या बाईला खेळ येतच नव्हता, सत्तावीस वर्षं चोरून बघत होती. तेवढं मला सोसवणार नाही हो."

पंचकाकांना वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हा काही निकाल नव्हे. "तुमच्या वाईटावर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी ज्यांना सोडलं ते," ताई म्हणाल्या. "दोघं आहेत. दोघंही आज दुसऱ्या दालनात होते."

३

त्यातले एक कप्तान. आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलेला दणकट म्हातारा. आठ वर्षं ताईंचे भिडू होते, आणि आता वकीलसाहेबांच्या संघात. पंचकाकांना ते रिकाम्या दुसऱ्या दालनात भेटले. कोपऱ्यातल्या काठोकाठ भरलेल्या जगमधून पाणी ओतून घेत होते.

पंचकाकांनी कागदाचा विषय काढला नाही. म्हणाले, "ताईंविषयी तुमचं मत हवं होतं. खरं खरं."

"राग आहे," कप्तान म्हणाले. "लपवत नाही. तीन वर्षांपूर्वी मला फोनवर सांगितलं, 'कप्तान, तुमच्या हल्ली पानं लक्षात राहत नाहीत.' खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं."

"खेळात लबाडी करतील?"

कप्तानांनी पेला खाली ठेवला. "माणसांशी वागताना ती दगड आहे. पत्त्यांशी नाही. एकदा आमच्या विरोधकाचे पत्ते तिला चुकून दिसले, तर तिनं स्वतःच पंचांना बोलावून बोर्ड रद्द करायला लावला. आम्ही तो जिंकत होतो! मी चार दिवस बोललो नाही तिच्याशी."

"बरं. पंधराव्या बोर्डाला इथे काय झालं?"

"मी पश्चिमेला होतो. धाकटीनं बारा हातांची बोली लावली. मी बदाम उतरलो, दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच. तिनं बाराच्या बारा हात केले. सुरेख खेळली. पण नंतर कागद-पेन्सिल काढून गप्पच बसली, जशी काही हरलीच. सोळाव्याला तर ती डमी होती."

डमी म्हणजे बोली लावणाऱ्याचा भिडू. त्यानं पत्ते टेबलावर उघडे मांडायचे आणि गप्प राहायचं. त्याची पानंही दुसराच खेळतो.

"डमी होती, मग?"

"मग काय, पत्ते मांडले आणि पाणी प्यायला बाहेर गेली. तुम्हीच तर मान हलवलीत परवानगीला."

पंचकाकांना काही आठवेना. आपण मान हलवली असेल, असं त्यांना वाटलं. डमीकडे लक्ष कोण देतं?

ते कार्यालयात परतले, पंधरावा बोर्ड काढला आणि त्यातले हात कागदाशी पडताळू लागले. इस्पिक जुळलं. बदाम जुळलं. चौकट, राजा आणि नव्वी. किलवरची पाचही पानं जुळली. चारही हात तंतोतंत! ताईंच्या विरुद्ध याहून पक्का पुरावा कसला हवा होता?

त्यांनी पश्चिमेचे पत्ते गोळा केले आणि ते ठेवता ठेवता थबकले. परत उघडले. एकदा मोजले, दोनदा मोजले. तेरा होते.

पण त्यांत चौकटची दुर्री नव्हती.

४

"डॉक्टरांना बोलवा," ते शिपायावर ओरडले. "आणि वकीलसाहेबांना. आणि ताईंना!"

तिघं आले. पंचकाका उभेच होते. शाळेत फळ्यापुढे उभे राहायचे तसे.

"ताईंनी उतारी कशाची केली?"

"किती वेळा सांगू? चौकटची दुर्री," वकीलसाहेब म्हणाले.

"मग हा कागद बघा. पश्चिमेच्या हातात दुर्री आहे?"

वकीलसाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "नाही. राजा, नव्वी... दुर्री इथे पूर्वेकडे आहे. म्हणजे डॉक्टरांकडे. असं कसं होईल? ती दुर्री माझ्या डोळ्यांदेखत यांच्या हातातून पडली!"

"आता बोर्ड बघा. बोर्डातही ती डॉक्टरांच्या कप्प्यात आहे. आणि ताईंच्या कप्प्यात तिच्या जागी किलवरची पंजी."

"किलवरची पंजी माझी होती," डॉक्टर चटकन म्हणाले आणि लगेच गोरेमोरे झाले. दातांचे डॉक्टर होते ते. लोकांना घाबरवायची सवय होती, घाबरायची नव्हती.

"डॉक्टर, खेळ संपल्यावर ती दुर्री कुणी नाचवली?"

"मी. म्हणजे... आनंद झाला हो! अशी उतारी जन्मात एकदा बघायला मिळते. मग मी ती माझ्याच पत्त्यांत..." त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि ताई म्हणाल्या, माझं एक पान कमी भरतंय. टेबलावर एकच पान राहिलं होतं, पालथं. ते त्यांनी उचललं. दोघांची तेरा तेरा भरली, ठेवून दिली."

"तुम्ही ते पान उलटून बघितलं नाही, ताई?"

ताई पहिल्यांदाच ओशाळल्या. "वकील ओरडत होते. मी नुसतं मोजलं."

पंचकाकांनी टेबलाच्या खणातून लाखेची मोहोर लावलेला लिफाफा काढला. संगणकानं सकाळी पत्ते वाटले तेव्हाचं छापील पान त्यात होतं. त्यांनी सगळ्यांसमोर मोहोर फोडली. पंधरावा बोर्ड, पश्चिम, चौकट. राजा, नव्वी, दुर्री.

"कागद आधीच चोरून मिळवला असता, तर तो या छापील पानावरून उतरवला असता," पंचकाका म्हणाले. "मग दुर्री ताईंकडे दिसली असती. तशी ती दिसत नाही. कागदावरचे पत्ते डॉक्टरांनी घोळ घातल्यानंतरचे आहेत. म्हणजे ताई तो बोर्ड खेळून मोकळ्या झाल्यानंतरच हा कागद लिहिला गेला."

वकीलसाहेबांनी कागद पुन्हा वाचला, घडी घातली आणि खाली ठेवला. माणूस तापट होता, पण आडमुठा नव्हता. "मान्य," ते म्हणाले. "तक्रार मागे घेतो. ताई, मला क्षमा करा. मी फार घाई केली."

"मीही तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं," ताई म्हणाल्या.

"पण एक राहतंच," वकीलसाहेब म्हणाले. "बदललेले पत्ते पहिल्या दालनातल्या आम्हा चौघांना ठाऊक नव्हते. ते फक्त दुसऱ्या दालनानं बघितले. म्हणजे तिथल्या कुणीतरी हा कागद ताईंच्या खिशात घातला. सत्र संपल्याची घंटा होण्याआधी. ताईंना बुडवायला."

"घातला हे खरं," पंचकाका म्हणाले. "पण बुडवायला? ते प्रश्नचिन्ह मला छळतंय. बुडवणारा माणूस प्रश्न कशाला विचारेल?"

मग त्यांना काठोकाठ भरलेला जग आठवला आणि ते तरातरा बाहेर गेले.

५

धाकटी मागच्या जिन्याच्या पायरीवर बसली होती. डबा उघडा होता, घास एकही मोडलेला नव्हता.

पंचकाका धापा टाकत शेजारी टेकले. "सोळाव्या बोर्डाला पाणी प्यायला बाहेर का गेलात? आत जग भरलेला होता. अजूनही जवळजवळ भरलेलाच आहे."

धाकटीनं डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. "तिनं फाडला ना तो?"

"त्यांनी तो वाचलाच नाही."

"वाचला नाही? मग ती जेवायला का आली नाही? मला वाटलं, वाचून संतापली." तिचे डोळे भरून आले. "पंचकाका, आम्ही दोघी भिडू होतो, माहीत आहे ना? तिच्या पहिल्या सहा ढाली माझ्याबरोबरच्या आहेत. मग अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मला सचिवांच्या हातून निरोप आला. भिडू बदलला आहे. एका घरात वाढलो आम्ही, आणि निरोप सचिवांच्या हातून! त्याला अकरा वर्षं झाली. निवड समितीनं यंदा एका संघात घातलं तरी बोलणं नाही."

"मग आज काय झालं?"

"आज मी बारा हात केले. सगळे वा वा म्हणाले. आणि माझ्या मनात एकच आलं. समोर ताई असती तर मी केले असते का? या पत्त्यांवरून तिनं काय उतरवलं असतं? ते तिलाच विचारायचं होतं. तोंडानं विचारायचा धीर होईना, म्हणून लिहिलं. लहानपणी आम्ही असेच डाव लिहून एकमेकींच्या दप्तरात टाकायचो."

पंचकाकांनी मग सगळं सांगितलं. तक्रार, कागद, जन्मभराची बंदी. ऐकता ऐकता धाकटी उभी राहिली. डबा पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला, तिनं वळूनही पाहिलं नाही. पंचकाका गुडघ्यांवर हात टेकून उठेपर्यंत ती कार्यालयात पोचलीसुद्धा होती.

६

ते आत आले तेव्हा दोघी बहिणी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या आणि धाकटीचं सांगून झालं होतं. डॉक्टर आणि वकीलसाहेब भिंतीवरचं वेळापत्रक मन लावून वाचत होते.

ताईंनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. पहिल्यांदाच तो त्यांच्या हाती आला होता.

"बदाम," त्या म्हणाल्या.

"काय?"

"या पत्त्यांवरून मीही बदामच उतरले असते. दुर्री नसताना चौकटला हात लावण्यात अर्थ नाही."

"म्हणजे मी तुझ्यासमोरही बारा केले असते?"

"या पत्त्यांवर केले असतेस. माझ्या पत्त्यांवर नाही."

धाकटीला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. ताईंनी कागद नीट घडी करून परत खिशात ठेवला. "भिडू बदलला तो जिंकायला," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल मी माफी मागणार नाही, तूही मागितली नसतीस. पण निरोप पाठवला तो भित्रेपणानं. तुझ्यासमोर उभं राहून सांगायची माझी छाती झाली नाही. चुकलं माझं. फार चुकलं."

पंचकाकांनी घसा साफ केला. त्यांना निकाल द्यायचा होता, आणि तो ताईंच्याच मुळावर येणारा होता. "पंधरावा बोर्ड दोन दालनांत दोन तऱ्हेनं खेळला गेला, म्हणून रद्द. ताई, तुमची ती उतारी... ती आता कुठल्याही निकालात राहणार नाही. त्या बोर्डाचे चौदा गुण गेले. आणि सत्र चालू असताना डाव लिहून दिला म्हणून तुमच्या संघाला दोन गुण दंड. सोळाची आघाडी होती. आता बरोबरी."

सत्तावीस वर्षांतली सर्वांत देखणी उतारी पुसली गेली होती. पंचकाकांना वाटलं, ताई भांडतील.

"बरोबरी तर बरोबरी," ताई म्हणाल्या. "काका, दुसऱ्या सत्राला जोड्या बदलता येतात ना?"

डॉक्टरांनी पाठ फिरवलेल्या अवस्थेतच हात वर केला. "माझी काही हरकत नाही. मला जरा पत्ते मोजायचा सराव करायचाय."

"ताई, वेड लागलंय तुला," धाकटी म्हणाली. "अकरा वर्षांत आपण एक बोर्ड एकत्र खेळलो नाही. जागतिक स्पर्धेचा प्रश्न आहे. आपली बोलीची पद्धत तरी आठवतेय का तुला?"

"तुला?"

"मी विसरायचा खूप प्रयत्न केला."

संध्याकाळी त्यांच्या संघानं सहा गुणांनी सामना जिंकला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या हाताखाली एक पान इकडचं तिकडे झालं, हेही पंचकाका आता स्वतःहून सांगतात. पण सगळ्यांत रंगवून सांगतात ते त्या सत्रातल्या पहिल्या बोर्डाचं.

ब्रिजमध्ये भिडूनं बोली लावली की तिचा अर्थ विरोधकांना सांगायचा असतो, आणि तो सांगायचा दुसऱ्या भिडूनं. पहिल्याच बोर्डाला ताईंनी इस्पिक म्हटलं. धाकटीनं जरा विचार केला आणि एक जुनी, हल्ली कुणीच वापरत नाही अशी बोली लावली.

वकीलसाहेब ताईंकडे वळले. "यांच्या बोलीचा अर्थ?"

ताई पत्त्यांकडे बघत नव्हत्या, बहिणीकडे बघत होत्या.

"तिचे पत्ते फारसे चांगले नाहीत," त्या म्हणाल्या. "पण मी पुढे जायचं ठरवलं, तर ती माझ्याबरोबर आहे."

आणि त्यांनी पुढची बोली लावली.